श्रीनिवास पाठ करण्याआधी

माझा भाचा पुण्यात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतोय. ऑप्शनल विषय समाजशास्त्र. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "आत्या, एम. एन. श्रीनिवास म्हणजे संस्कृतीकरण, प्रभावी जात आणि पाश्चात्यीकरण. तीन व्याख्या आणि प्रत्येकीवर दोन-दोन टीका. एवढं पाठ केलं की पुरे ना?"

मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. समाजशास्त्र इथेच शिकले आणि पुढे बावीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवलं. त्याचा प्रश्न ऐकून मला वाईट वाटलं. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की समाज पोथीतून कळत नाही, माणसांत जाऊन राहावं लागतं, त्याच्याच व्याख्या मुलं न बघता, न अनुभवता पाठ करतायत. आणि हा माणूस आठ वर्षं आमच्या बडोद्यात होता, इथल्या विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग त्याने शून्यातून उभा केला, हे भाच्याच्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. त्या रात्री फोनवर जे सांगायला सुरुवात केली, तेच इथे नीट लिहून काढतेय.

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ चा, म्हैसूरचा. अय्यंगार ब्राह्मणांचं सरकारी नोकरीतलं घर, कॉलेज रोडवर. त्या घराच्या पाठीमागे बंडिकेरी नावाची वस्ती होती. तिथे कुरुबा राहत, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारखे मेंढपाळ. श्रीनिवासांनी पुढे लिहून ठेवलंय की परक्या संस्कृतीचा पहिला धक्का त्यांना लहानपणी मागची गल्ली ओलांडून बंडिकेरीत गेल्यावर बसला. घरापासून चार पावलांवर बोलणं वेगळं, जेवण वेगळं, देव वेगळे, भांडायची रीतसुद्धा वेगळी.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला तो सांगावाच लागत नाही. आमच्या वाड्यात आमटीला गोडा मसाला आणि चिंच, मागच्या गल्लीत दाळीत गूळ आणि शेंगदाणे. आमच्याकडे दसऱ्याला सोनं वाटायचं, तिकडे सकाळपासून फाफडा-जलेबीच्या दुकानापुढे रांग. आपली ती रीत आणि दुसऱ्याची ती गंमत, असं मूल आधी समजतं. पुढे कधीतरी त्याच्या लक्षात येतं की मागच्या गल्लीच्या दृष्टीने आपणच गंमत आहोत. समाजशास्त्राचा अभ्यास खरा तिथून सुरू होतो.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून श्रीनिवास मुंबईला आले ते गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली. घुर्ये मूळचे मालवणचे, संस्कृतचे गाढे विद्वान. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगरनियोजकाने सुरू केला होता (बडोदे शहराच्या विस्ताराचा अहवालही याच गेडिसने १९१६ साली लिहिला) आणि १९२४ पासून त्याची धुरा घुर्यांकडे होती. इरावती कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी. घुर्यांची पद्धत ग्रंथांची होती: स्मृती, पुराणं, कोरीव लेख, जनगणनेचे अहवाल. श्रीनिवासांनी त्यांच्याकडे म्हैसूरमधल्या विवाह आणि कुटुंबसंस्थेवर काम केलं, ते १९४२ साली पुस्तकरूपाने आलं. मग कूर्ग, म्हणजे कोडगू प्रांतातल्या लोकांवर पीएच.डी. केली. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथे त्यांची नजर बदलली.

काय बदललं ते सोपं करून सांगते. समजा, आपल्याला हळदीकुंकवाचा अभ्यास करायचाय. ग्रंथांच्या वाटेने जाणारा अभ्यासक विचारेल: ही प्रथा कुठल्या पुराणात आहे, किती जुनी आहे? ऑक्सफर्डला श्रीनिवासांचे गुरू झालेले रॅडक्लिफ-ब्राउन वेगळं विचारायला शिकवत: आज या गल्लीत हळदीकुंकवाने काय साधतं? कुणाला बोलावणं जातं, कुणाला जात नाही? वाण कुणाला आधी मिळतं? नवी सून पहिल्यांदा कुणाच्या घरी नेतात? कुठली बाई दारापर्यंत येऊन परत जाते आणि का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही पोथीत नाहीत. ती मिळवायला त्या गल्लीत वर्षभर राहावं लागतं. पहिल्या वाटेला श्रीनिवास पुस्तकी दृष्टी म्हणत आणि दुसरीला क्षेत्रीय दृष्टी. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हा एवढाच फरक आहे, म्हणून भाच्याला मी सांगितलं, व्याख्यांच्या आधी हे समजून घे.

१९४८ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना भारतीय समाजशास्त्राचं अध्यापकपद दिलं आणि पहिलं वर्ष अभ्यासक्षेत्रात घालवायची मुभाही. त्यांनी म्हैसूरजवळचं एक गाव निवडलं. पुस्तकांत त्याचं नाव 'रामपुरा' आहे, ते टोपणनाव. दीड हजारांच्या आसपास वस्ती, जाती दीड-दोन डझन. गावच्या मुखियाच्या बैलांच्या घरात त्यांचा मुक्काम. इंग्लंडहून शिकून आलेला तरुण, बरोबर स्वयंपाकी, हातात वही. आपण गावाला पाहायला आलोय असं त्याला वाटत होतं, पण गावही त्याला पाहत होतं. एकदा त्यांनी आंघोळ झाल्यावर दाढी केली. मुखियाने त्यांना टोकलं: दाढी आधी, आंघोळ नंतर, तुम्ही ब्राह्मण ना? शेतकरी जातीचा मुखिया ब्राह्मणाला सोवळं शिकवतो, हे कुठल्या धर्मशास्त्रात सापडणार? पण जात रोजच्या जगण्यात कशी चालते ते यात स्वच्छ दिसतं. वरच्या जातीने वरच्यासारखं वागावं अशी खालच्यांचीही अपेक्षा असते आणि त्यावर त्यांची नजर असते.

याच निरीक्षणांतून 'संस्कृतीकरण' आलं. शब्द १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात प्रसिद्ध झाला. अर्थ असा: उतरंडीत खाली मानली गेलेली जात थोडी सुस्थितीत आली की वरच्या जातीच्या चालीरीती उचलते. मांस-मद्य सोडते, जानवं घालते, लग्नाला भटजी बोलावते, कुलदैवताच्या जत्रेतला बळी बंद करून नैवेद्य दाखवते. आणि एक-दोन पिढ्यांनंतर म्हणते, आम्ही मूळचे वरचेच. आधी श्रीनिवास याला 'ब्राह्मणीकरण' म्हणत. मग त्यांच्या लक्षात आलं की नमुना दरवेळी ब्राह्मणाचा नसतो, क्षत्रियाचा असतो, कुठे वैश्याचाही असतो. म्हणून शब्द बदलला.

मराठी वाचकाला हा फरक वेदोक्तावरून चटकन कळेल. कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, पण बडोद्याच्या राजवाड्यात सयाजीराव महाराजांनी त्याच्या काही वर्षं आधीच वेदोक्त विधींचा आग्रह धरला होता. मागणी ब्राह्मण होण्याची नव्हती. आम्ही क्षत्रिय आहोत, आमचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत, ही होती. त्यात वरच्या रीतीचा स्वीकारही होता आणि भटजींच्या मक्तेदारीला आव्हानही. 'अनुकरण' या एका शब्दात ते मावत नाही. परीक्षेत संस्कृतीकरणाची व्याख्या लिहिताना मुलं 'नक्कल' लिहितात, तेव्हा मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट मी बाई म्हणून सांगते, आणि ती श्रीनिवासांनी स्वतः नोंदवलेली आहे. संस्कृतीकरणाची किंमत बायका मोजतात. ज्या जातींत विधवेचं पाट लावून लग्न होत असे, काडीमोड सोपा होता, बाई शेतात राबून स्वतःचा पैसा बाळगत होती, त्या जाती 'वर' चढल्या की पहिल्यांदा हेच बंद होतं. बाई घरात बसते, ते प्रतिष्ठेचं होतं. मुलीसाठी वराकडून पैसा येत असे, तिथे हुंडा सुरू होतो. श्रीनिवासांना हा विषय शेवटपर्यंत सतावत राहिला. १९७६ साली इंग्लंडमधला हक्स्ले पदकाचा मान मिळाला तेव्हा त्यांनी व्याख्यानाला भारतीय स्त्रियांचं बदलतं स्थान हाच विषय घेतला आणि १९८४ मध्ये हुंड्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. भाच्याच्या नोट्समध्ये यातलं काही नव्हतं, आणि मला विचाराल तर पाठ करण्याजोगं काही असेल तर ते हे आहे.

पाश्चात्यीकरणाचं थोडक्यात: एका बाजूने खालच्या जाती ब्राह्मणी रीती उचलत असताना ब्राह्मण स्वतः इंग्रजी शिक्षण, नोकरी, कोट-पाटलोण, टेबलावर जेवण या वाटेने निघाले होते. आमच्याच वाड्यात हे पाहिलंय. समोरच्या खोलीतल्या कुटुंबाने माळ घालून मटण सोडलं, त्याच वर्षी माझ्या काकांचा मुलगा होस्टेलवरून अंडं खायला शिकून आला.

आता बडोदं. सयाजीरावांच्या काळातल्या बडोदे कॉलेजाच्या पायावर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व मानव' असा शब्द यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच हंसाबेन. १९५१ साली श्रीनिवास ऑक्सफर्डची नोकरी सोडून इथे प्राध्यापक म्हणून आले. दोन वर्षांच्या विद्यापीठात, जिथे विषयाचा विभागच नाही, तिथे. तेव्हा बडोदं मुंबई राज्यात होतं, मराठी आणि गुजराती एकाच राज्यात नांदत होत्या.

१९५२ मध्ये आय. पी. देसाई त्यांना येऊन मिळाले. ईश्वरलाल देसाई हे दक्षिण गुजरातचे, घुर्यांचेच विद्यार्थी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेले. पुण्यातल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवरचा त्यांचा अभ्यास १९५३ साली छापला गेला. माझ्या मनात श्रीनिवास आणि देसाई ही दोन नावं एकत्रच येतात. नाव एकाचं जगभर झालं, दुसऱ्याचं गुजरातबाहेर कमी लोकांना माहीत आहे, आणि ते मला बरोबर वाटत नाही.

या दोघांनी विद्यार्थ्यांना पुस्तकांबरोबर गावांत धाडायला सुरुवात केली. पहिल्या विद्यार्थ्यांतले ए. एम. शाह खेडा जिल्ह्यातल्या राधवाणज गावी गेले. याच शाहांनी आर. जी. श्रॉफ यांच्याबरोबर वहीवंचा बारोटांवर केलेलं काम मला सगळ्यात आवडतं. वहीवंचा म्हणजे वही वाचणारा. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना हेळवी आठवतील, तोच प्रकार. बारोट यजमानाच्या घरी येतो, नवे जन्म, लग्नं वहीत नोंदवतो आणि जुनी वंशावळ वाचून दाखवतो. पण एखाद्या घराण्याकडे जमीन आली, पैसा आला की वहीतली वंशावळ हळूच एखाद्या रजपूत कुळापाशी जाऊन पोचते. म्हणजे संस्कृतीकरणाला लागणारा कागद तयार करणारी एक जातच गुजरातेत होती! पोथी वाचणारा अभ्यासक त्या वंशावळीला खरी-खोटी ठरवून बाजूला ठेवील. क्षेत्रात गेलेला अभ्यासक विचारतो, ही ओळ कधी लिहिली गेली आणि तेव्हा या घराचं काय चाललं होतं?

'प्रभावी जात' ही कल्पनाही श्रीनिवासांच्या बडोद्यातल्या वर्षांत पक्की झाली. रामपुऱ्यात धार्मिक मान ब्राह्मणाचा, पण गाव चालत होतं ओक्कलिगा शेतकऱ्यांच्या शब्दावर. भांडण मिटवायचं, दंड करायचा, मजुरी ठरवायची, सगळं त्यांच्याकडे. का? जमीन त्यांची, डोकी त्यांची जास्त आणि उतरंडीत ते फार खाली नाहीत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जात प्रभावी होते. पुढे यात शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांची भर पडली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत हे स्थान मराठ्यांचं, आमच्या चरोतरात, म्हणजे खेडा-आणंदच्या पट्ट्यात, पाटीदारांचं. बडोद्याच्या मराठी माणसाला हे जरा टोचतं, पण खरं आहे. गायकवाडांच्या राज्यात सरदार मराठी, कचेरीतले कारकून-सुभे बरेचसे मराठी, राजवाड्यात भाषा मराठी. तरी शहराच्या वेशीबाहेर पाच कोसांवर गेलं की शब्द पाटीदाराचा चाले. आपल्याकडे पद होतं, पण गावोगावची जमीन नव्हती आणि संख्याही नव्हती. राज्य विलीन झाल्यावर मराठी सरदारांचा दबदबा इतक्या लवकर का ओसरला, त्याचं निम्मं उत्तर मला या कल्पनेत सापडलं.

याच सुमारास, १९५५ च्या एका लेखात, श्रीनिवासांनी 'व्होट बँक' हा शब्द वापरला. आपण आज त्याला मतपेढी म्हणतो आणि एखाद्या जातीचे किंवा धर्माचे गठ्ठा मतदार असा अर्थ घेतो. मूळ अर्थ वेगळा होता. गावातला जमीनदार किंवा मुखिया, ज्याच्या शब्दावर त्याची कुळं, मजूर, आश्रित मतं देतात, त्याच्यापाशी मतं साठलेली असतात. पुढारी मतदाराकडे न जाता त्या माणसाकडे जातो. म्हणजे दोष मतदाराच्या जातीत नव्हता, एका माणसाच्या हाती असलेल्या जमिनीत आणि उपकारांत होता. १९५७ साली विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून त्यांनी सांगितलं की निवडणुकांमुळे जात संपत नाहीये, तिला नवं बळ मिळतंय. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती आणि जात आता जाणारच अशी सुशिक्षितांची खात्री होती.

देसाईंचं मोठं काम कुटुंबावरचं. सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या ४२३ कुटुंबांचा त्यांचा अभ्यास १९६४ साली पुस्तकरूपाने आला. 'एकत्र कुटुंब मोडलं' हे वाक्य तेव्हाही सगळे म्हणत होते. देसाईंनी विचारलं, मोडलं हे ठरवायचं कशावरून? एका छपराखाली किती माणसं झोपतात एवढंच मोजून? वेगळ्या घरात राहणारे भाऊ मालमत्ता सामाईक ठेवतात का, अडीअडचणीला एकमेकांना पैसा देतात का, लग्न ठरवताना कुणाचा शब्द घेतात, सणाला कुठे जमतात, हे त्यांनी पाहिलं. मग दिसलं की चुली वेगळ्या झालेल्या अनेक घरांत एकत्रपण चांगलं शिल्लक आहे.

आमच्याच घराचं सांगते. वडील आणि दोन काका यांच्या चुली १९७४ साली वेगळ्या झाल्या. जनगणनेच्या माणसाने तीन कुटुंबं लिहिली. पण गणपती एकच बसायचा, मोठ्या काकांच्या खोलीत. घरपट्टीचं बिल एकच यायचं. माझ्या लग्नात धाकट्या काकांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. मग आम्ही तीन कुटुंबं की एक? देसाई म्हणतील, दोन्ही लिहा, आणि कुठल्या बाबतीत एक आहात ते वेगळं लिहा.

शाहांनी याच धाग्याला पुढे नेलं. घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं आणि कुटुंब म्हणजे नात्याने बांधलेली माणसं, हे दोन वेगळे शब्द ठेवले. राधवाणजची १८२५ सालची घरोघर मोजणी त्यांना दप्तरात सापडली. ती आणि आपल्या काळातली घरं शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की पूर्वी सगळे मोठ्या एकत्र कुटुंबात राहत ही समजूत तपासून घ्यावी लागते. मोठं एकत्र घर हा मुख्यतः वरच्या जातींचा आदर्श होता. म्हणजे संस्कृतीकरणाबरोबर तो आदर्श खाली पसरायचीही शक्यता. पूर्वजांबद्दल आपण किती गोष्टी न मोजता सांगत असतो!

१९५९ साली श्रीनिवास दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नवा समाजशास्त्र विभाग सुरू करायला गेले. अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. शाह पुढे तिथेच गेले. १९७२ साली राव आणि श्रीनिवास दोघे बंगळुरूला आले आणि सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था उभी राहिली. श्रीनिवास १९७९ पर्यंत तिचे सहसंचालक होते. इकडे देसाईंनी १९६९ मध्ये सुरतेला प्रादेशिक विकास अभ्यास केंद्र काढलं, आज ते सामाजिक अध्ययन केंद्र म्हणून ओळखलं जातं. गुजरातच्या खेड्यांतली अस्पृश्यता, आदिवासींचं शिक्षण, दक्षिण गुजरातच्या आदिवासींमधली वेडछीची गांधीवादी चळवळ असे विषय देसाईंनी हाती घेतले. अस्पृश्यतेबद्दलचं त्यांचं निरीक्षण आजही तपासून पाहण्यासारखं आहे: शाळेचा बाक, टपाल, बस अशा सरकारी जागांत विटाळ कमी झालाय, पण देऊळ आणि घराचा उंबरठा इथे तो टिकून आहे.

संस्था चालवणं हे काम परीक्षेत विचारलं जात नाही, पण त्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. गावात वर्षभर राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वर्षभर खायला कोण घालणार? त्याच्या वह्या कुठे राहणार? निष्कर्ष हाती यायला पाच-सात वर्षं लागणार असतील तर तोवर धीर कोण धरणार? ऑक्सफर्डने श्रीनिवासांना एक वर्ष दिलं म्हणून रामपुरा आलं. तेच वर्ष दुसऱ्यांना मिळावं म्हणून श्रीनिवासांनी आणि देसाईंनी हयातीचा मोठा भाग अर्ज, नेमणुका, ग्रंथालयं आणि अनुदानं यांत घालवला. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि वह्या कुठे राहणार, या प्रश्नाला श्रीनिवासांच्या आयुष्यात फार भयंकर उत्तर मिळालं. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात रामपुऱ्यावरचं मोठं पुस्तक लिहायला बसले होते. क्षेत्रात लिहिलेली रोजनिशी थेट वापरता येत नाही. तिच्यातला एकेक तुकडा विषयवार वेगळा करावा लागतो: शेती इकडे, भांडणं तिकडे, लग्नं तिसरीकडे. अठरा वर्षं चाललेल्या या कामाच्या तीन प्रती होत्या आणि तिन्ही त्या एकाच खोलीत होत्या. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचे ते दिवस. २४ एप्रिलला कुणीतरी केंद्राला आग लावली. तिन्ही प्रती गेल्या.

मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी त्यांना सुचवलं, आठवणीतूनच लिहा. ते लिहायला बसले. १९७६ साली 'द रिमेंबर्ड व्हिलेज' प्रसिद्ध झालं, म्हणजे आठवणीतलं गाव. त्यात तक्ते जवळजवळ नाहीत, माणसं आहेत. करडा मुखिया आहे, नाडू गौडा आहे, शहराच्या वाऱ्या करणारा कुळ्ळे गौडा आहे. पावसाची वाट पाहणारं गाव आहे. माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं पुस्तक हेच. वही जळाल्यावरही जे उरलं ते का उरलं, तर तो माणूस तिथे खरोखर राहिला होता म्हणून.

पण तो कुणाच्या अंगणात राहिला होता, हेही विचारलं पाहिजे. मुखियाच्या आश्रयाने राहणाऱ्या ब्राह्मण पाहुण्याला दलित वस्तीत किती सहज बसता येणार? रामपुऱ्याचं चित्र वरच्या आणि जमीनवाल्या जातींच्या बाजूने काढलं गेलं, ही मर्यादा श्रीनिवासांना स्वतःला माहीत होती. संस्कृतीकरणातही हीच अडचण आहे. जिना चढायची गोष्ट त्यात छान समजते, पण ज्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते त्यांच्यासाठी ती उपयोगी नाही. दलितांनी मांस सोडलं, नावं बदलली तरी विटाळ सुटला नाही.

आणि इथे बडोदंच पुन्हा आठवतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तेव्हा श्रीनिवास जन्मलेही नव्हते. वरच्यांचं अनुकरण करत जाती कशा बनत गेल्या हे त्या निबंधात आहेच. पण त्याबरोबर दाराची गोष्टही आहे: काहींनी दार लावून घेतलं, आणि इतरांना ते आपल्यावर लावलेलं आढळलं. पुढच्याच वर्षी त्याच शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी करायला ते बडोद्याला आले. महार म्हणून कुणी खोली दिली नाही. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. ती बाग विद्यापीठाच्या कला शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भाच्याला मी सांगितलं, श्रीनिवासांवर टीका लिहायची तर दोन ओळी पाठ करू नकोस, हा निबंध वाच.

श्रीनिवास ३० नोव्हेंबर १९९९ ला बंगळुरूत गेले. देसाई त्याआधी १९८५ मध्ये.

फोन ठेवताना मी भाच्याला एक काम दिलं होतं. यंदा गणपतीला तो बडोद्याला येणार होता, तेव्हा आपल्याच घराची नोंद करायची: कोण आलं, कोण नाही आलं, कुणी फक्त पैसे पाठवले, आरतीला ताट कुणाच्या हातात होतं, जेवायला पहिली पंगत कुणाची. त्याने ते केलं. चार पानं भरली, आणि मग अडला. "आत्या, बाबा दरवर्षी घरपट्टीचा तिसरा हिस्सा पाठवतात, पण दहा वर्षांत वाड्यात एक रात्र राहिले नाहीत. मी त्यांना कुठे लिहू, घरात की कुटुंबात?"

मी त्याला म्हटलं, हे मला विचारू नकोस, त्यांनाच विचार. आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिही.